मीच आहे रे, दार उघड!

मंडळी, नमनाला घडाभर तेल न घालता सांगतो. शनिवारी रात्री एक वाजता मी माझ्याच सर्व्हरच्या दाराबाहेर उभा होतो आणि सर्व्हर मला ओळखत नव्हता.

तर झालं असं. माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो देवगड तालुक्यात हापूसची बाग सांभाळतो. दलालाकडे माल टाकण्यापेक्षा मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला थेट पेट्या पाठवायच्या, असं त्याच्या डोक्यात आलं. घरात इंजिनिअर म्हटल्यावर साइट बनवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला, एक साधी साइट टाकली, आणि गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर त्यात जमा व्हायला लागले. एप्रिलमध्ये मी सुट्टी टाकून कणकवलीला घरी आलो. रविवारी पहाटे पाच वाजता टेम्पो निघणार होता. पडवीत पेंढ्यात भरलेल्या बेचाळीस पेट्या रचून ठेवलेल्या, सगळ्या घराला वास सुटलेला. फक्त कुठली पेटी कोणाच्या पत्त्यावर, ती यादी सर्व्हरवरून काढायची बाकी होती. ती काढायला मी वेबपेज केलंच नव्हतं. "लॉगिन करून काढतो की दोन मिनिटात!" असं म्हणून आळस केलेला.

दुपारी दादाचे आंब्याचे फोटो साइटवर चढत नव्हते. परवानगीचा काहीतरी घोळ होता. मी वैतागून सरळ माझ्या सगळ्या फोल्डरला सीएचमॉड ७७७ मारला, म्हणजे कोणीही यावं, वाचावं, लिहावं, काहीही करावं. फोटो चढले. संध्याकाळी सहज लॉग बघितला, तर जगभरातून कोण कोण सर्व्हरवर पासवर्ड आपटून बघत होतं. 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट'... ओळीमागून ओळी. घाबरून मी पासवर्डनं आत यायची सोयच बंद केली. यापुढे फक्त एसएसएच किल्ली. सर्व्हिस रीस्टार्ट केली, समाधानानं लॉगआउट झालो आणि बांगड्याचं तिखलं जेवायला गेलो.

रात्री एक वाजता यादी काढायला बसलो तर पडद्यावर एकच ओळ, परमिशन डिनाइड.

किल्ली तीच, लॅपटॉप तोच, माणूसही तोच! पण दार बंद. दादा शेजारी मार्कर घेऊन पेट्यांवर नावं लिहायला तयार बसलेला. त्यानं पाच मिनिटं माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, "ह्यां कुलूप लावलंस कित्याक मगे? आंबे काय त्या कंपूटरातसून चोरूक येतले कोणी?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे दादाला दिलेलं उशिराचं उत्तर.

*

मुळात यंत्राला "तू कोण?" हे विचारायची गरज कधी पडली? यंत्र एकाच माणसाचं असताना नाही पडली. खोलीच्या दाराला कुलूप होतं, ते पुरे होतं. गरज पडली ती यंत्र सामाईक झाल्यावर. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि मंडळींनी १९६१ साली सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली. एकच मोठा संगणक, त्याला अनेक टर्मिनल जोडलेली, आणि प्रत्येकाला वाटावं की यंत्र आपलंच आहे. मग प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायला हव्यात, प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ मोजायला हवा. म्हणून पासवर्ड आला. आज आपण ज्याला शिव्या देतो ती गोष्ट चाळीतल्या सामाईक नळावरची वेळापत्रकाची पाटी होती म्हणा ना.

आणि पाटी लागली की ती फिरवणारा जन्माला येतोच. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला त्याच्या वाट्याचा वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्यानं छपाईच्या रांगेत एक पंचकार्ड सरकवलं आणि सगळ्यांच्या पासवर्डची फाइल कागदावर छापून घेतली. पुढे काही वर्षांनी तर कमालच झाली. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो कोणी लॉगिन करेल त्याच्या टर्मिनलवर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड टाइप होऊन यायला लागले. ही गोष्ट खुद्द कॉर्बातोंनीच नंतर ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितली. म्हणजे पासवर्ड जन्माला आल्यापासून चारपाच वर्षांत त्याची चोरीही झाली आणि गळतीही झाली.

यातून धडा निघाला की पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. त्याचा असा काला करून ठेवायचा की काल्यावरून मूळ शब्द काढता येऊ नये. युनिक्सवर हे कसं करावं याबद्दल रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांचा १९७९ चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. मॉरिस हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

*

पण हे सगळं एका इमारतीतलं झालं. दुसऱ्या गावातल्या यंत्रात शिरायचं तर काय?

२९ ऑक्टोबर १९६९, रात्री साडेदहा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात चार्ली क्लाइन हा विद्यार्थी टर्मिनलपुढे बसलेला. पलीकडे मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिल डुव्हाल. मध्ये साधारण साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे आपल्या कणकवली ते मुंबईपेक्षा थोडं जास्तच. आर्पानेटवरचा हा पहिला निरोप. क्लाइनला 'लॉगिन' टाइप करायचं होतं. त्यानं 'एल' दाबलं, पोचलं. 'ओ' दाबलं, तेही पोचलं. 'जी' दाबलं आणि पलीकडचं यंत्र कोसळलं! दोघं टेलिफोनवर एकमेकांशी बोलत होतेच, म्हणून काय झालं ते कळलं. तासाभरात दुरुस्ती करून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा जमलं.

गंमत बघा. इंटरनेटच्या पूर्वजावरचा पहिला शब्द 'नमस्कार' वगैरे नव्हता. तो दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रयत्न होता, आणि तो फसला. आपल्या धंद्यातलं पहिलं तिकीट 'लॉगिन होत नाहीये' हेच होतं! आणि ते सोडवलं कसं, तर पलीकडच्या माणसाला फोन करून. आजही हापिसात वेगळं काय करतो आपण? :)

याच काळात टेलनेटची कल्पना आली. आपल्या कळफलकावरचं प्रत्येक अक्षर तारेवरून पलीकडे न्यायचं, पलीकडचं उत्तर आपल्या पडद्यावर आणायचं. साधं, सरळ, कुठल्याही यंत्रावर चालणारं. पण एक गोष्ट त्यात नव्हती. अक्षरं उघडी जायची, अगदी पोस्टकार्डासारखी. वाटेतल्या कुठल्याही पोस्टात कोणीही वाचावं. तुमचा पासवर्डसुद्धा त्याच पोस्टकार्डावर.

सुरुवातीला याचं कोणाला काही वाटलं नाही. कारण जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा, सगळे एकमेकांना नावानिशी ओळखणारे. लहान वाडीत दाराला नुसती कडी असते, तसं. १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये आलेल्या आरलॉगिननं तर कडीही काढली. एका फाइलीत लिहून ठेवायचं की 'अमुक यंत्रावरून अमुक माणूस आला तर पासवर्ड विचारू नका, आपलाच आहे.' सोय केवढी! पण मग एका घरात चोर शिरला तर त्याला सगळ्या वाडीत शिरता यायचं.

आणि तो शिरला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत क्लिफ स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक सापडला. कोणीतरी पैसे न देता यंत्र वापरलं होतं. त्यानं एका वीकेंडला इकडून तिकडून पन्नासेक प्रिंटर आणि टर्मिनल गोळा करून बाहेरून येणाऱ्या ओळींना जोडले आणि घुसखोर टाइप करतो ते प्रत्येक अक्षर कागदावर उमटायला लागलं. शेवटी माणूस निघाला पश्चिम जर्मनीतला. स्टोलला हे जमलं कारण अक्षरं उघडी होती. पण जे स्टोलला वाचता येत होतं ते दुसऱ्या कोणालाही वाचता आलंच असतं की!

दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ ला, एका विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम जाळ्यावर सुटला. तो सोपे पासवर्ड ओळखायचा, काही प्रोग्रॅममधली भोकं वापरायचा, आणि वर सांगितलेल्या 'आपलाच आहे' फायली वाचून शेजारच्या यंत्रात उडी मारायचा. त्या काळच्या अंदाजानुसार सहा हजारांच्या आसपास यंत्रं आडवी झाली. विद्यार्थ्याचं नाव रॉबर्ट टॅपन मॉरिस. हो, त्याच मॉरिसचा मुलगा! वडिलांनी पासवर्ड कसा जपावा ते लिहिलं आणि चिरंजीवांनी तो कसा फुटतो ते दाखवलं.

*

आता जरा आपल्याकडे येऊ. कारण हे सगळं अमेरिकेत घडत होतं तेव्हा मुंबईत, जुहूला, काही मंडळी हेच काम फार कमी साधनांत करत होती.

टीआयएफआरमधल्या एका गटातून १९८५ मध्ये एनसीएसटी ही संस्था स्वतंत्र झाली. प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमाणी. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं, अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगलोरची आयआयएससी आणि खुद्द खातं, असे आठ भागीदार. पहिली जोडणी झाली ती मुंबईतल्या मुंबईत, एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, साध्या टेलिफोनवरून डायल करून. मॉडेमनं नंबर फिरवायचा, पलीकडच्या मॉडेमनं उचलायचा, साठलेली टपाल द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवायचा. पुढे मुंबईहून अमेरिकेशी कायमची ओळ जोडली गेली, सुरुवातीला सेकंदाला ९६०० बिट्स वेगाची.

९६०० म्हणजे किती, ते मोजून बघा. सेकंदाला साधारण १२०० अक्षरं. दादानं चढवलेला आंब्याचा एक फोटो तीन एमबीचा होता. त्या ओळीवरून तो एकटा फोटो जायला चाळीस मिनिटं लागली असती, आणि तेवढा वेळ इतर सगळ्यांनी गप्प बसायचं. पण नुसती अक्षरं पाठवायची तर १२०० म्हणजे चंगळ! म्हणूनच दूरच्या यंत्रावर बसून काम करायचं ते काळ्या पडद्यावर, अक्षरांत. आपण आजही जो काळा टर्मिनल वापरतो तो हौस म्हणून जन्माला आलेला नाही. तारेच्या गरिबीतून जन्माला आलाय तो. गावच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरून मी आजही परदेशातल्या सर्व्हरवर काम करू शकतो, ते या गरिबीच्या पुण्याईवर. (२००३ मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. डॉ. रमाणींचं नाव २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. आपल्यापैकी किती जणांनी ते ऐकलंय? मीही इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ऐकलं नव्हतं.)

सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्यात दोन प्रकार होते. एक महागडं ग्राफिकल खातं, आणि दुसरं स्वस्तातलं शेल खातं. शेल खातं म्हणजे निगमच्या युनिक्स यंत्रावर तुम्हाला लॉगिन. डायल करा, काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड टाका, पाइनमध्ये मेल वाचा, लिंक्समध्ये चित्रांशिवाय वेबसाइट बघा. त्या पिढीच्या विद्यार्थ्यांचं इंटरनेट म्हणजे हेच. स्वतःच्या घरातल्या यंत्रावर काही नाही, सगळं दूरच्या सर्व्हरवर. आणि आपली मुलं ती! स्लर्पसारखा प्रोग्रॅम त्या शेल खात्यात चढवून स्वस्त खात्यातून महागड्या खात्याची चित्रं काढणारे बहाद्दर निघालेच. ॲलन शेरचे भाऊबंद.

पण मोठ्या शहरांबाहेरच्या माणसाचा प्रश्न पासवर्डाच्याही आधीचा होता. जवळ नोड नसेल तर एसटीडी करून डायल करायचं. मीटर फिरतोय आणि मॉडेम किंचाळतोय. मध्येच फोन कटला की पुन्हा पहिल्यापासून. 'आत जाता येत नाही' याचा अर्थ कणकवलीसारख्या गावात फार वर्षं 'तिथपर्यंत पोचताच येत नाही' असाच होता.

*

आता १९९५ मधलीच, पण जगाच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट. आपल्याकडे इंटरनेट सुरू व्हायच्या जेमतेम महिनाभर आधीची.

फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी गुपचूप ऐकत बसणारा प्रोग्रॅम लावला होता. वाटेवरून जाणारी पोस्टकार्डं तो वाचत होता आणि पासवर्ड तेवढे टिपून ठेवत होता. सापडला तेव्हा त्याच्या वहीत हजारो पासवर्ड होते. तिथला संशोधक टाटू युलोनेन यानं ठरवलं की आता पोस्टकार्ड बंद, लिफाफा पाहिजे. काही महिन्यांत त्यानं प्रोग्रॅम लिहिला, नाव ठेवलं सिक्युअर शेल, म्हणजेच एसएसएच. त्याला एक पोर्ट नंबर हवा होता. फाइल पाठवायच्या एफटीपीचा २१, टेलनेटचा २३, आणि मधला २२ मोकळा! त्यानं क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला ईमेल केली आणि दुसऱ्या दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचं उत्तर आलं की २२ तुमचा. ना फॉर्म, ना फी, ना 'साहेब उद्या या'. जुलै १९९५ मध्ये प्रोग्रॅम फुकट सोडला आणि वर्ष संपेपर्यंत ५० देशांत २० हजार लोक तो वापरायला लागले होते. पुढे तो धंदेवाईक झाल्यावर ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुनी मोकळी आवृत्ती उचलून डिसेंबर १९९९ मध्ये ओपनएसएसएच काढलं. आज तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर बहुधा तेच आहे.

यात तीन गोष्टी आल्या. एक, सगळं बोलणं लिफाफ्यात. दोन, पासवर्डाऐवजी किल्लीची जोडी. म्हणजे असं समजा, सुतारानं तुम्हाला एक किल्ली आणि तिची हवी तेवढी कुलपं करून दिली. कुलपं वाटा कोणालाही, सर्व्हरलाही द्या. किल्ली मात्र तुमच्या कनवटीला. सर्व्हर प्रत्येक वेळी नवं कोडं घालतो, तुम्ही ते किल्लीनं घरच्या घरी सोडवून फक्त उत्तर पाठवता. किल्ली तारेवरून जातच नाही, मग वाटेत चोरणार काय?

आणि तीन, सर्व्हरनंही आपली ओळख द्यायची. पहिल्यांदा जोडताना 'हा सर्व्हर खरा की खोटा सांगता येत नाही, पुढे जाऊ का?' असा प्रश्न येतो ना? आपण डोळे मिटून 'येस' ठोकतो तो. एकदा 'येस' म्हटलं की एसएसएच तो चेहरा लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी चेहरा बदलला तर बोंब मारतं.

*

आता रात्री एकच्या माझ्याकडे या. पेट्या पडवीत, दादा मार्कर घेऊन, मी घामाघूम.

दूरच्या सर्व्हरचा नकार तीन तऱ्हांचा असतो, आणि तो नीट ऐकला तर अर्धं काम होतं. कनेक्शन टाइम्ड आउट म्हणजे तुमची हाक पोचलीच नाही. पत्ता चुकला, नाहीतर फायरवॉलनं वाटेतच गिळली. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे हाक पोचली, पण त्या दाराशी कोणी बसलेलंच नाही. सर्व्हिस बंद तरी आहे किंवा पोर्ट दुसरा आहे. आणि परमिशन डिनाइड म्हणजे दाराशी माणूस आहे, त्यानं तुम्हाला पाहिलं, आणि तो नाही म्हणाला. माझा तिसरा नकार. म्हणजे तार ठीक, सर्व्हिस ठीक, भानगड ओळखीची.

व्हर्बोज मोडमध्ये पुन्हा जोडून पाहिलं. माझी किल्ली सर्व्हरपुढे धरली जात होती आणि तो तिच्याकडे ढुंकून बघत नव्हता. का, ते फक्त सर्व्हरचा लॉग सांगणार, आणि लॉग आत! मग आठवलं की भाड्याच्या सर्व्हरला मागचं दार असतं. कंपनीच्या साइटवर जाऊन ब्राउझरमध्ये उघडणारा कन्सोल, म्हणजे जणू त्या यंत्राच्या समोरच कळफलक घेऊन बसल्यासारखं. तिथे एसएसएच लागत नाही, यंत्रावरचा पासवर्ड चालतो. त्या कंपनीचं खातं उघडायला फोनवर ओटीपी, आणि फोनला घरात रेंज नाही. अंगणात चिंचेखाली जाऊन ओटीपी आणला, पळत आत आलो, तोवर मुदत संपली. दुसऱ्यांदा लॅपटॉपच घेऊन चिंचेखाली गेलो. दोन वाजले होते.

लॉगमध्ये एकच ओळ सगळं सांगून गेली. माझ्या होम फोल्डरच्या परवानग्या चुकीच्या, म्हणून किल्ली नाकारली.

दुपारचं माझं ७७७! एसएसएच किल्ली तपासायच्या आधी बघतं की कुलपं ठेवलेली फाइल आणि तिच्या वरची फोल्डर यांत दुसऱ्या कोणाला लिहिता येतं का. येत असेल तर त्या फाइलीवर विश्वास ठेवण्यात अर्थच नाही, कारण कोणीही येऊन स्वतःचं कुलूप तिथे ठेवून जाईल. 'आपलाच आहे' म्हणणाऱ्या त्या १९८३ च्या फायलींनी शिकवलेला धडा आहे हा. मी दार सताड उघडं टाकलं होतं, म्हणून पहारेकऱ्यानं मलाच आत घेतलं नाही. आणि तो बरोबर होता, राव!

होम फोल्डर फक्त मला लिहिता येईल असं केलं, किल्ल्यांच्या फोल्डरला ७००, फाइलीला ६००. परत जोडलं. दार उघडलं. दोन वाजून वीस मिनिटांनी दादा पहिल्या पेटीवर नाव लिहीत होता.

*

नावं लिहून होईपर्यंत आजी उठली. तिला चहाबरोबर सगळा किस्सा दादानं तिखटमीठ लावून सांगितला. ती ऐकून हसली आणि तिनं तिची गोष्ट काढली.

आजोबा मुंबईला गिरणीत. दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर यायची, त्या कुपनावर चार शब्द खुशालीचे. आजीला सही येत नव्हती, अंगठा. नेहमीचा पोस्टमन तिला ओळखायचा. तोच कुपन वाचून दाखवायचा, शेजारच्या कोणाची तरी साक्ष घेऊन पैसे मोजून द्यायचा. एका पावसाळ्यात तो आजारी पडला आणि बदली पोस्टमन आला. त्यानं हिला ओळखलं नाही. साक्षीला हिनं जाऊबाईला उभं केलं, तर तो म्हणाला, मी त्यांनाही ओळखत नाही, मला माहीत असलेला कोणीतरी आणा. घरात पैसे नाहीत, दारात पैसे आलेत, आणि ते मिळत नाहीत! ही चिखल तुडवत शाळेच्या मास्तरांकडे गेली, त्यांना घेऊन आली, तेव्हा कुठे पैसे हातात पडले. त्या पोस्टमनला तिनं तेव्हा काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"पण तो बरोबर होतो," आजी म्हणाली. "माझ्या नावान दुसरीच कोण उभी रवली आसती तर? तुज्या आज्याची म्हयन्याची मजुरी होती ती."

भारतात मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली, जुन्या कागदी पद्धतीची २०१५ मध्ये बंद झाली. म्हणजे दूरच्या माणसाची ओळख कशी पटवायची, हा प्रश्न आपल्या कोकणानं कॉर्बातोच्या किती आधी सोडवायला घेतला होता बघा. अंगठा म्हणजे किल्ली, साक्षीदार म्हणजे ओळखीचा यजमान, आणि नेहमीचा पोस्टमन म्हणजे... त्याच्यावर तर अख्खी व्यवस्था उभी.

इथे मला २०२४ आठवलं. एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करायची छोटी लायब्ररी आहे. तिचा एकट्यानं भार वाहणारा थकलेला देखभालकर्ता, आणि त्याला दोनेक वर्षं नेमानं मदत करून विश्वास कमावलेला टोपणनावाचा कोणी मदतनीस. त्या मदतनिसानं लायब्ररीत असा चोरदरवाजा घातला की काही लिनक्स यंत्रांवर एसएसएचमधून परस्पर आत शिरता यावं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं ते जगापुढे मांडलं. बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचायच्या आत ते थांबलं. कुलपाला कोणी हात लावला नव्हता, बदली पोस्टमनच चोरांचा निघाला होता. क्लिफ स्टोलचे ७५ सेंट काय आणि फ्रॉइंडचा अर्धा सेकंद काय, शेवटी वाचवलं ते 'हे असं का?' विचारणाऱ्या माणसानं.

तर दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. आंबे कोणी कंपूटरातसून चोरणार नाही. पण बेचाळीस घरांनी तुझ्यावर विश्वास ठेवून आपले पत्ते आणि नंबर दिलेत, ते त्या कुलपाआड आहेत. ते उद्या कोणाच्या हाती लागले आणि 'मी आंबेवाल्याकडून बोलतोय, एवढा ओटीपी सांगा' असा फोन त्या घरांत गेला, तर लोक मला ओळखत नाहीत, तुलाच ओळखतात.

असो. पाचचा टेम्पो सव्वापाचला आला, पेट्या गेल्या. त्याच दिवशी मी यादीसाठी दादाला एक वेगळं पान करून दिलं. आणि एक नियम स्वतःला घालून घेतला, तुम्हीही घ्या. एसएसएचची सेटिंग बदलली की जुनी खिडकी बंद करायची नाही. दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघायचं, दार उघडलं तरच पहिली सोडायची. तिखलं गार झालं तरी चालेल :)